धोंडूकाकांची सही

आमदारांना लिहिलेल्या पहिल्याच पत्राच्या शेवटी मी 'वडीलमंडळींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' असं लिहिलं आणि पाकीट चिकटवून टाकलं. काय केलं ते ध्यानात आलं तेव्हा जिभेवर गोंदाची चव होती आणि समोर आणखी एकवीस कोरी पाकिटं होती. पाकीट फोडायचं तर नवं आणावं लागणार, आणि गुरवकाकांनी पाकिटं मोजून बावीसच आणली होती. मी म्हटलं, जाऊ दे. आमदार झाला म्हणून त्याच्या घरात लहान मुलं नसतील असं थोडंच आहे. शिवाय दोष माझा नव्हता, हाताचा होता. चाळीतल्या निम्म्या बायकांची गावाकडची पत्रं मीच लिहायचो. भात किती झाला, गाय व्याली का, मुंबईस सर्व कुशल. एवढं झालं की हात आपोआप आशीर्वादाकडे वळायचा. एकोणिसाव्या वर्षी मी गावोगावच्या किती पोरांना आशीर्वाद देऊन ठेवलेत, त्याला गणती नाही.

आमची चाळ घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याशी. बैठी चाळ, समोरासमोर दोन रांगा, बावीस खोल्या. डोंगर आणि चाळ यांच्यामध्ये एक दगडी भिंत होती, पुरुषभर उंचीच्याही वर. ती कोणी बांधली ते कोणालाच माहीत नव्हतं, पण त्या वर्षी तिला पोट आलं. आधी कोणी मनावर घेतलं नाही. मग तिच्या फटींतून माती गळायला लागली आणि दिवसातून चारदोन खडे पत्र्यावर पडायला लागले. तो आवाज मी कधी विसरणार नाही. टक्. मग घरंगळत जाणारी खरखर. मग गटारात टुप्. आई कुळथाची पिठी ढवळत असली आणि तो आवाज आला रे आला की तिचा हात थांबायचा. बाबा भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबायचे. सगळ्या चाळीतली भांडी, रेडिओ, भांडणं एवढ्यापुरती गप्प व्हायची. पुढं काही पडलं नाही की आई पुन्हा ढवळायला लागायची आणि म्हणायची, "खडाच होता." आता मी मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहतो, वर पाचवा मजला आहे, आणि पाचव्यावरच्या पोराच्या हातून गोटी पडली तरी माझा घास तोंडात थांबतो. सूनबाई म्हणते, बाबांना जेवताना ऐकू कमी येतं. येतं गं बाई. जरा जास्तच येतं.

भिंतीला सगळ्यात जवळची खोली पहिली. ती परबांची. धोंडूकाका परब गिरणीत होते. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मागं पार्वतीकाकी आणि त्यांची एकुलती मुलगी शालन. काकी दोन घरी पोळ्या करायच्या, शालन बारावी होऊन टायपिंगच्या क्लासला जायची. भिंतीचं पोट त्यांच्या मोरीच्या कुडापासून हातभर अंतरावर होतं. काकी रोज सकाळी त्या मधल्या सांदीत हात घालून बघायच्या. एके दिवशी हात कोपरापर्यंत गेला नाही, मनगटालाच अडकला, तेव्हा त्या सरळ गुरवकाकांच्या दारात जाऊन बसल्या.

गुरवकाका म्हणजे चाळीतले वडीलधारे. सगळ्यांचं भाडं तेच गोळा करून मालकाच्या पेढीवर नेऊन द्यायचे आणि पावत्या आणून घरोघर वाटायचे. त्यांनी महापालिकेत अर्ज दिला होता. महापालिका म्हणाली भिंत मालकाची. मालक म्हणाला भिंत डोंगराची आणि डोंगर सरकारचा. सरकार म्हणजे नेमकं कुठं जायचं ते कोणाला सांगता येईना. मग बाबांच्या गोदामातल्या एका कारकुनानं सुचवलं की अधिवेशन चालू आहे, आमदारांना पत्रं घाला. एक नको, ढीग घाला. एकटं पत्र टोपलीत जातं, ढिगाचा विषय होतो.

गुरवकाकांनी रविवारी सगळ्यांना बोलावलं. "प्रत्येक खोलीनं आपल्या आमदाराला एक पत्र. लिहील हा," असं म्हणून माझ्याकडे बोट केलं. "हं, सांगा, आपापला आमदार कोण?"

आणि चाळीनं भराभर कोकणातले तालुके सांगायला सुरुवात केली. कणकवली, मालवण, राजापूर, लांजा. मी लिहून घेतले. अर्ध्या यादीनंतर माझ्या डोक्यात काहीतरी वळवळलं.

"काका, पण आपण मत तर घाटकोपरात देतो ना?"

"देतो की."

"मग आपला आमदार घाटकोपरचा ना?"

गुरवकाकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "मत इकडे देतो रे. पण तो आपल्याला ओळखतो का? आपला तो आपल्या गावचा."

बाबांनीही मान डोलावली. अशा रीतीनं घाटकोपरच्या एका भिंतीबद्दल कोकणच्या आमदारांना बावीस पत्रं गेली आणि घाटकोपरच्या आमदाराला एकही गेलं नाही. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होतो, हे इथं नमूद केलेलं बरं.

दुसरी सूचना गुरवकाकांचीच. "नाव पावतीवर असेल तसंच घाल. सरकारी काम आहे, नावात फरक नको." प्रत्येकानं भाड्याची पावती आणून दिली आणि मी नावं उतरवली. धोंडू बाबल्या परब, खोली नंबर एक. त्यात मला वावगं काही वाटलंच नाही. आमच्याकडे माणूस जायचा पण पावतीवरचं नाव जायचं नाही. रेशनकार्डावर तेच, लाइट बिलावर तेच. परबांची खोली म्हणजे धोंडू बाबल्या परब. ते माणसाचं नाव राहिलंच नव्हतं, खोलीचं झालं होतं. सह्यांचं विचारलं तर पुरुष कामावर आणि बायका म्हणाल्या, "तूच ठोक रे." मी ठोकल्या. कुठं डावीकडे झुकलेली, कुठं खाली दोन रेघा, कुठं फराटा. धोंडूकाकांची सही पहिली, म्हणून तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली. 'ध'ला असा काही वळसा दिला की मीच थोडा वेळ बघत बसलो. बावीस पत्रं पेटीत टाकून मी घरी आलो तेव्हा आईनं मला अंड्याचं पोळं करून दिलं. चाळीच्या नोंदीत तो मोठा सन्मान होता.

तीन आठवडे काही नाही. खडे मात्र वाढले. मोरीच्या कुडाला चीर गेली. काकींनी ट्रंक आणि देव आमच्याकडे आणून ठेवले, पण स्वतः मायलेकी तिथंच राहिल्या. आई म्हणाली, "अगो, निजायला तरी इकडे ये." काकी म्हणाल्या, "खोली रिकामी दिसली तर मालकाचो माणूस कुलूप घालीत."

मग एका दुपारी पोस्टमननं पहिल्या दारात उभं राहून हाक मारली, "धोंडू बाबल्या परब." त्या हाकेनं चाळीतल्या पाच बायका दारात आल्या. अकरा वर्षांत ते नाव असं मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं. शालननं पाकीट घेतलं, तिथंच फोडलं, वाचलं, आणि माझ्याकडे आली. मी ओट्यावर दाढीचं सामान मांडून बसलो होतो.

"बाबांच्या नावानं तू पत्र घातलंस?"

"पावतीवर तेच नाव आहे ना गं."

"आणि सही?"

मी दाढीचा ब्रश वाटीत बुडवून गालावर फिरवला.

"माझ्या बाबांना सही येत नव्हती," ती म्हणाली. "अंगठा लावायचे. हे तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. तिनं कागद माझ्या मांडीवर टाकला. वरती मोहोर, खाली टाइप केलेला मजकूर. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमदार जातीनं येऊन भिंत पाहणार होते. त्यांच्या तालुक्यातल्या पाचही अर्जदारांनी भाडेपावती घेऊन समक्ष हजर राहायचं होतं. माहितीसाठी प्रत चाळमालकाला. आणि अगदी तळाशी, टाइप न केलेली, निळ्या शाईतली एक ओळ: 'आशीर्वाद पोचले.'

माझ्या गालावर साबण वाळला.

संध्याकाळी गुरवकाकांच्या खोलीत सगळे जमले तेव्हा प्रकरण किती खोल गेलं आहे ते कळलं. मालकाच्या पेढीवर नवीन दिवाणजी आला होता. खोल्यांत कोण राहतं ते त्यानं पाहिलं नव्हतं. गुरवकाका भाडं नेऊन देतात आणि जुन्या नावावर पावती फाडली जाते, एवढंच त्याला ठाऊक. चाळीत पावतीवरची सात माणसं हयात नव्हती. पावतीवरचा माणूस नाही म्हणजे भाडेकरू नाही, भाडेकरू नाही म्हणजे खोली मालकाची, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आता तो दिवाणजी आमदारांच्या शेजारी उभा राहून हजेरी ऐकणार होता. आमदारांकडच्या पाच पत्रांत वारलेले एकटे धोंडूकाकाच. पण एक नाव उसवलं की बाकीची सहा उसवायला किती वेळ लागतो? वीस वर्षांनी एका वकिलानं मला सांगितलं की एकत्र राहणाऱ्या घरच्या माणसांना कायदा असा सहजासहजी बाहेर काढू देत नाही, तुम्ही उगाच घाबरलात. खरं असेल. पण तेव्हा आमच्या ओळखीत वकील नव्हता, फक्त मी होतो.

"परबीणबाईंच्या भावाला उभा करू," गुरवकाका म्हणाले. "हाच धोंडू म्हणून."

"माझ्या बाबांच्या जागी कोणी उभं राहणार नाही," शालन म्हणाली. आवाज चढवला नाही, पण गुरवकाकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तेव्हा काकी पहिल्यांदा बोलल्या. "उभो करून उपेग नाय. ह्यो आमदार आमच्याच वाडीपलीकडचो. ह्यांच्या बाराव्याक इल्लो तो. पंगतीत बसान जेवललो. तेव्हा आमदार नव्हतो." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यां काय करून ठेवलंस रे झिला?"

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "मी सांगतो त्यांना. सगळी पत्रं मीच लिहिली, सह्या मीच केल्या."

"दिवाणजीसमोर?" बाबा म्हणाले. "तू आता काही सांगू नकोस. पुष्कळ लिहिलंस."

त्या रविवारी आईनं सकाळी घावणे केले होते आणि ते तसेच टोपलीत गार झाले. नऊपासून सगळी चाळ इस्त्रीचे कपडे घालून उभी. दिवाणजी आधी आला. पिशवीतून एक लांबट वही काढून, पेन्सिलीला टोक करून तयार राहिला. मग टॅक्सीतून आमदार उतरले. साठी उलटलेला, सुकलेला माणूस, पायांत साध्या चपला, हातात छत्री. बरोबर पालिकेचा एक इंजिनिअर. कोणाशी न बोलता ते सरळ पहिल्या खोलीमागच्या बोळात गेले. भिंतीच्या पोटावर तळहात ठेवला आणि ताप बघावा तसे उभे राहिले. तेवढ्यात वरून एक खडा सुटून पत्र्यावर पडला. टक्. सगळी चाळ थांबली. आमदारही थांबले. पुढं काही पडलं नाही तसे ते इंजिनिअरला म्हणाले, "ऐकलंत? हे लोक रोज हे ऐकून जेवतात."

गुरवकाकांच्या दारात खुर्ची मांडली होती. आमदारांनी चष्मा लावला, खिशातून पाच पत्रं काढली आणि एकेक नाव घ्यायला लागले. चार जण एकामागून एक पुढं झाले, पावती दाखवली, मागं सरले. दिवाणजी प्रत्येक नावापुढं खूण करत होता. पाचवं पत्र उघडल्यावर मात्र आमदार ते नुसतेच बघत राहिले. मी तीन हात अंतरावर उभा होतो. मला उलट्या बाजूनं माझा 'ध' दिसत होता. एवढी घाणेरडी सही मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"धोंडू बाबल्या परब," आमदार म्हणाले.

समोरच्या खोलीत स्टोव्ह चालू होता, तेवढाच आवाज. काकींनी पदर तोंडाला लावला होता. दिवाणजीची पेन्सिल कागदाला टेकून थांबली होती.

"ही सही धोंडूची?"

माझं तोंड उघडलं होतं. बाबांनी मागून माझा शर्ट मुठीत धरला होता हे मला नंतर, शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तेव्हा समजलं. पण मी काही बोलायच्या आत शालन पुढं आली.

"हो," ती म्हणाली. "माझ्या बाबांचीच आहे."

आमदारांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग काकींकडे. मग पत्राची घडी घातली. घाईनं नाही, घडीवर घडी, कडा जुळवून.

"रविवारचो पण कामार गेलो असतलो तो," ते म्हणाले. "सुटी म्हणान ठावक नाय त्येका."

दिवाणजी खाकरला. "साहेब, पाच जण समक्ष पाहिजेत असं पत्रात आहे. अर्जदार हजर नाही तर मी काय लिहू?"

"पत्र माझं आहे ना? मग मी सांगतो ते लिहा. धोंडू परबाला मी त्याच्या लहानपणापासून ओळखतो. त्याच्या घरी जेवलोय. तुम्ही ओळखता?"

"नाही."

"मग झालं. आता भिंत कधी बांधायला घेताय ते लिहा."

"मालक म्हणतात, भिंत डोंगराची आहे."

"डोंगर कोणाचाही असो, चाळीचं भाडं तुम्ही घेता. इंजिनिअरसाहेब, यांना आजच्या आज नोटीस हवी. आणि उद्या सभागृहाबाहेर मी इथल्या आमदारांना गाठतो." मग गुरवकाकांकडे वळून म्हणाले, "त्यांना पत्र घातलंत ना?"

गुरवकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"घाला," आमदार म्हणाले. "वाईट वाटेल त्यांना."

चहा झाला. टॅक्सीत बसण्याआधी ते पहिल्या दाराशी थांबले आणि ती घडी काकींच्या हातात दिली. मी छत्री घेऊन मागं उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"धोंडू इलो की दी त्येका. आणि सांग, अक्षर बरां झाला हां म्हणान."

काकी इतक्या वेळ कोरड्या उभ्या होत्या, त्या एकदम हसल्या आणि हसता हसता दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. आमदारांनी माझ्या हातातून छत्री घेतली. माझ्याकडे एकदाच बघितलं. मला वाटतं, आशीर्वाद परत करायचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असावा.

त्याच आठवड्यात भिंतीला लाकडाचे टेकू लागले आणि पाऊस यायच्या आत जुनी भिंत उतरवून नवी उभी राहिली. जुनी उतरवताना पाहिलं तर आतून ती पोकळ होती, नुसती माती. पार्वतीकाकींनी ट्रंक आणि देव परत नेले आणि खोली शेवटपर्यंत धोंडू बाबल्या परब यांच्याच नावावर राहिली. शालन मात्र माझ्याशी वर्षभर बोलली नाही. पुढं बोलायला लागली ती इतकी की चार वर्षांनी आमचं लग्न झालं. तेव्हापासून चारचौघांत ती मला 'अहो' म्हणते आणि घरात 'अरे'.

परवा हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. ती गवार मोडत होती. मी म्हटलं, सुरुवातीचा तो आशीर्वादाचा वेंधळेपणा काढून टाकतो, या वयात शोभत नाही. ती उठली, हात पुसले आणि कपाटातल्या डब्यातून ती घडी काढून आणली. घडीवर कागद फाटायला आलाय, शाई तपकिरी झालीय. शेवटच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"खोडू नकोस ते," ती म्हणाली. "बाबांच्या सहीचा घरात हा एकच कागद आहे, आणि त्यात लहानांस आशीर्वाद आहेत. तेव्हा चाळीत त्यांचं लहान माणूस मी एकटीच होते."